नशा, स्कूबा आणि सोबत्याचा श्वास



गेल्या महिन्यात आपल्या जिल्ह्यातील एका बोटमालकाचे पत्र आले. पूर्वी हा माणूस मासेमारी करी. आता काही वर्षे तो पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगसाठी समुद्रात नेतो. तो लिहितो, "डॉक्टरसाहेब, सकाळी बोटीवर येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडाला कधी दारूचा तर कधी गांजाचा वास येतो. आज पाण्यात उतरू नका म्हटले, की म्हणतात, पैसे आमचे, शरीर आमचे, सुट्टी आमची. तू कोण सांगणारा? खरेच, मी कोण? त्यांना अडवण्याचा मला हक्क आहे का? आणि नशेने पाण्याखाली खरोखर काही बिघडते, की आम्ही उगाच भितो?"

पत्रात दोन प्रश्न आहेत. एक वैद्यकाचा आहे, दुसरा हक्काचा. पहिल्याचे उत्तर देणे माझे कामच आहे. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टरने द्यावे की नाही, असे कोणाला वाटेल. पण या दोन प्रश्नांची गाठ कशी पडते हे मी माझ्याच दवाखान्यात पाहिले आहे, म्हणून आज दोन्हींबद्दल लिहितो.

तुम्ही विचारलंच नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचे दिवस होते. घाटावरून आलेले चार मित्र येथे उतरले होते. चौघांनीही स्कूबाचे रीतसर शिक्षण घेतलेले होते. त्यांतील दोघे आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे प्रकृती ठीक असल्याचा दाखला घ्यायला आले. मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, कान तपासले. दमा, फिट्स, क्षय, शस्त्रक्रिया, सगळे विचारले. नशेबद्दल मात्र विचारले नाही. मुले चांगल्या घरची, सुशिक्षित आणि नम्र होती. असा प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान करणे, असे मला वाटले. मी सही करून टाकली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांतील एकाला आडवे घालूनच माझ्याकडे आणले. छातीच्या मधोमध दुखत होते, आवाज बदलला होता, थुंकीत रक्ताचा अंश होता. मानेवरची त्वचा बोटाने दाबली तर कुरमुऱ्यांवर बोट दाबल्यासारखे करकर लागत होते. फुप्फुसातून निसटलेली हवा त्वचेखाली येऊन बसली होती. प्राणवायू चालू केला, रुग्णवाहिका बोलावली आणि मोठ्या रुग्णालयात पाठवले. हवेचा बुडबुडा मेंदूकडे गेला नव्हता, ही त्याची पुण्याई. मुलगा वाचला आणि पूर्ण बरा झाला.

झाले होते ते असे. सुमारे बारा मीटर खोलीवर याच्या डोळ्यांवरचा मास्क सरकला आणि नाकातोंडात खारे पाणी गेले. खोकल्याच्या भरात तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून हवा घ्यायची तो भाग, निसटला. अशा वेळी काय करायचे ते शिकवलेले असते. सोबत्याकडे वळायचे आणि त्याच्याजवळचा जादा रेग्युलेटर तोंडात धरायचा. सोबती दोन हातांवर होता आणि त्याला सगळे दिसतही होते. पण तो हलला नाही. याचा धीर सुटला आणि श्वास कोंडून हा सरळ वर उसळला.

सोबती नंतर माझ्या बाकावर डोके धरून बसला होता. तो म्हणाला, "मला दिसत होतं डॉक्टर, पण मी काही करायला हवंय हे डोक्यात यायलाच वेळ लागला. सिनेमा बघतोय असं वाटत होतं." सकाळी सहाला लॉजवर त्याने गांजा ओढला होता. "मी माझ्यापुरताच घेतला. ह्याला हातसुद्धा लावू दिला नाही," असे तो दोनदा म्हणाला. ते खरे होते. मित्राने नशेला हात लावला नव्हता आणि खाटेवर तोच पडला होता.

मी विचारले, "बोटीवर गाईडने विचारलं नाही का?" तो म्हणाला, "विचारलं. सगळ्यांसमोर, हसत हसत. मी नाही म्हटलं. पोलिसांची भीती वाटली, आणि पैसेही भरलेले होते." "आणि काल मला का सांगितलं नाहीस?" त्यावर तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही."

हे उत्तर मी आजही विसरलेलो नाही. (त्या मुलांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलून लिहिले आहेत.)

पाण्याखाली शरीराला काय होते?

आपण जमिनीवर वावरतो तेव्हा आपल्यावर हवेचा दाब असतो, त्याला एक वातावरण म्हणतात. समुद्रात दर दहा मीटरला आणखी एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट आणि तीस मीटरवर चौपट दाब. रेग्युलेटर आपल्याला त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो, म्हणून तेथे श्वास घेता येतो.

आता शाळेत शिकलेला बॉईलचा नियम आठवा. दाब निम्मा झाला की हवेचे आकारमान दुप्पट होते. दहा मीटरवर छातीत चार लिटर हवा भरली आणि श्वास कोंडून कोणी वर आला, तर पृष्ठभागावर तीच हवा आठ लिटर जागा मागते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात सुमारे सहा लिटर हवा मावते. मग फुप्फुस फाटते आणि हवा छातीत, मानेत किंवा रक्तात शिरते. रक्तातून मेंदूकडे गेली तर पक्षाघातासारखी अवस्था होते, प्रसंगी मृत्यूही येतो. यासाठी फार खोल जावे लागत नाही. भरल्या छातीने श्वास कोंडून दीडएक मीटरवरून वर आलेल्यांनाही इजा झालेली आहे. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा: श्वास कधीही कोंडायचा नाही.

दुसरी गोष्ट नत्रवायूची. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडायला हवा. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर कसा फेस येतो ते आपण पाहिले आहे. माणूस खोलवर बराच वेळ राहून भर्रकन वर आला, तर शरीरात तसेच बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते, कधी पायच चालत नाहीत. म्हणून सावकाश वर यायचे आणि बऱ्याचदा पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे अशी पद्धत आहे.

तिसरी गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. नत्रवायूचीच नशा चढते! साधारण तीस मीटरच्या आसपास ती जाणवू लागते. माणूस उगाच खूष होतो किंवा घाबरतो, हिशेब चुकतो, काट्यावरचा आकडा दिसूनही अर्थ लागत नाही. फ्रेंच दर्यासंशोधक जाक कुस्तो यांनी या अवस्थेबद्दल लिहिल्यामुळे ती जगभर माहीत झाली. म्हणजे खोल जाणाऱ्याला समुद्र स्वतःच थोडी पाजत असतो. आधीच घेतलेला माणूस खाली गेला तर दोन्ही नशा एकमेकींत मिसळतात.

कोणती नशा काय करते?

दारू: दारूने लघवी जास्त होते आणि शरीरातील पाणी कमी होते. बुडबुड्यांच्या आजाराला असे सुकलेले शरीर अधिक बळी पडते, असे तज्ज्ञ मानतात. त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावल्याने शरीराची ऊब निघून जाते. उलटी होण्याचा संभव असतोच, आणि पाण्याखाली रेग्युलेटरमध्ये उलटी झाली तर काय ओढवेल याचा विचार करा. पण सगळ्यांत आधी जातो तो निर्णय. दारू शिरली की माणूस धोका कमी मोजतो आणि स्वतःला जास्त.

"रात्रीची होती, सकाळी उतरली," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हिशेब करून पाहू. तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या एका पेगात सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क असतो. यकृत तासाला साधारण तेवढाच, किंवा थोडा कमी, मद्यार्क निकाली काढते. सुट्टीतला पेग बहुधा साठचा असतो. रात्री नऊला बसून असे सहा पेग घेतले, तर सकाळी नऊलाही रक्तात दारू शिल्लक असू शकते, आणि बोट आठला सुटते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यांनी यकृताचा वेग वाढत नाही. आपल्या देशात विमानाच्या वैमानिकाला उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य असते. स्कूबाला निघणाऱ्याने त्याहून कमी अंतर ठेवू नये. रात्री जास्त झाली असेल तर पूर्ण दिवस जाऊ द्यावा.

गांजा, चरस आणि भांग: यांनी नाडी वाढते. लक्ष एका ठिकाणी राहत नाही, वेळेचा अंदाज चुकतो, ऐकलेली सूचना लगेच विसरते. सिलिंडरमध्ये हवा किती उरली हे दर काही मिनिटांनी पाहणे, गाईडची खूण ओळखणे, सोबती कोठे आहे याचे भान ठेवणे, पाण्याखालचे सगळे काम याच शक्तींवर चालते. काहींना गांजाने एकाएकी जबर भीती वाटू लागते. जमिनीवर अशी भीती वाटली तर माणूस खाली बसतो. पाण्याखाली तो वर पळतो. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि काही तास राहतो. पण खाल्लेली भांग किंवा गांजाचे पदार्थ चढायला तासभर, कधी दोन तासही लागतात, आणि अंमल बराच अधिक काळ टिकतो. किनाऱ्यावर "काहीच झालं नाही" म्हणणारा माणूस पाण्याखाली असताना नशा चढू शकते, ती अशी.

कोकेन, एम.डी. आणि पार्टीच्या गोळ्या: यांनी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, ठोक्यांची लय बिघडू शकते. पाण्यात बुडाल्याने आणि पोहण्याच्या श्रमाने हृदयावर आधीच ताण असतो. त्यात ही भर पडली तर तरुण हृदयही दगा देते.

अफूच्या जातीची औषधे आणि झोपेच्या गोळ्या: यांनी श्वास मंदावतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. त्याने गुंगी आणखी वाढते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नशा म्हटली की आपण बाटली आणि चिलीम पाहतो. पण बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांनी, सर्दीच्या कित्येक गोळ्यांनीही झोप येते. त्या औषधाच्या दुकानातून उजळ माथ्याने घेतलेल्या असतात, इतकाच फरक. पाण्याखाली गुंगी ती गुंगीच. ती कायद्याने मिळाली की चोरून, हे समुद्र विचारत नाही. अशी गोळी घ्यायचीच असेल तर आधी एखाद्या दिवशी जमिनीवर घेऊन पाहावी आणि झोप येते का ते तपासावे.

छातीवरचा दुसरा रेग्युलेटर

स्कूबाचे साहित्य आपण पाहिले असेल. प्रत्येकाच्या सिलिंडरला तोंडात धरायचा एक रेग्युलेटर असतो आणि त्याखेरीज आणखी एक जादा असतो. चटकन दिसावा म्हणून तो बहुधा पिवळा असतो आणि छातीजवळ अडकवलेला असतो. तो मुख्यतः सोबत्यासाठी असतो. त्याची हवा संपली किंवा त्याचा रेग्युलेटर बिघडला, तर त्याने आपल्या टाकीतून श्वास घ्यायचा आणि दोघांनी मिळून वर यायचे. म्हणजे पाण्यात उतरणारा प्रत्येक जण दुसऱ्याचा श्वास आपल्या छातीवर बांधून उतरतो. "मी माझ्यापुरताच घेतला," असे म्हणणाऱ्या त्या मुलाच्या छातीवरही तो होता.

आपल्याकडे किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात जे नवखे पर्यटक उतरतात, त्यांच्याबाबत सोबत्याची जागा गाईड घेतो. तो त्यांना धरूनच खाली नेतो. अशा वेळी एक जण झिंगलेला असेल तर गाईडचे सगळे लक्ष त्याच्यावर खिळते आणि दुसऱ्याला कमी पडते. वर बोटीवरही तेच. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला, हे आपल्याला आठवत असेल. ती घटना मी नशेचा दाखला म्हणून सांगत नाही. समुद्रात गोंधळ उडाला की बोटीवरच्या प्रत्येकाची शुद्ध उपयोगी पडते, एवढ्यासाठी सांगतो.

मग स्वातंत्र्याचे काय?

आता पत्रातला दुसरा प्रश्न. पैसे आमचे, शरीर आमचे, हे म्हणणे मी उडवून लावत नाही. इंग्लंडचा विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल्ल याने १८५९ साली 'ऑन लिबर्टी' हा ग्रंथ लिहिला. माणूस स्वतःचे जे बरेवाईट करतो त्यात समाजाने हात घालू नये, दुसऱ्याला अपाय होत असेल तरच अडवावे, हे त्याचे सूत्र. आपल्याकडे आगरकरांवर मिल्लच्या विचारांचा मोठा प्रभाव होता, आणि १८८८ साली 'सुधारक' काढून त्यांनी व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू हिरीरीने लढवली. तेव्हा हा विचार आपल्याला नवा नाही.

मिल्लने दारूचेच उदाहरण घेतले आहे. पिणे हा ज्याचा त्याचा प्रश्न असे तो मानतो, पण कामगिरीवर असताना प्यालेल्या शिपायाची गोष्ट वेगळी धरतो. शिपायाच्या शुद्धीवर दुसऱ्यांचे रक्षण अवलंबून असते, हे त्यामागचे कारण. माझ्या मते बोटमालकाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. सोबतीला उतरणारा माणूस त्या तासापुरता कामगिरीवर असतो. त्याने तिकीट काढले आहे म्हणून तो केवळ गिऱ्हाईक राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, "अपघात तर निर्व्यसनी माणसालाही होतात. रात्रभर गाडी चालवून आलेला, झोप न झालेला माणूस चालतो, आणि गांजा ओढलेलाच तेवढा नको?" हा आक्षेप रास्त आहे, आणि माझे उत्तर असे की तोही चालत नाही. सर्दीने कान बंद झालेला नको, झोप न झालेला नको, तापातून उठलेला नको. बोटीवर प्रश्न नीतीचा नाही. हा माणूस चांगला की वाईट, हे ठरवायला आपण जमलेलो नाही. पुढचा एक तास याच्यावर दुसऱ्याने जीव टाकावा का, एवढेच पाहायचे आहे. तेव्हा बोटमालकदादा, पाण्यात उतरू न देण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो हक्क तुम्ही बोटीवरच्या बाकीच्यांच्या वतीने वापरता. लॉजवर, घरी, सुट्टीत तो काय करतो, हे मात्र त्याचे आणि कायद्याचे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा, चरस, कोकेन बाळगणे व सेवन करणे आपल्या देशात गुन्हा आहे. ते पाहायला पोलीस आहेत. तुम्ही पोलीस होऊ नका, मीही होत नाही.

आणि हा नियम आधी स्वतःला लावा. तांडेल, गाईड, बोटीवरचा पोऱ्या, यांच्यावर सगळ्यांचा भार असतो. अमेरिकेत प्रवासी नेणाऱ्या बोटींवरील जबाबदारीच्या कामावरच्या लोकांची अचानक तपासणी करून अमली पदार्थ घेतले आहेत का ते पाहतात. प्रवाशांची अशी तपासणी होत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे 'कन्सेप्शन' नावाच्या स्कूबाच्या बोटीला आग लागली. बोटीवर ३९ माणसे होती, त्यांपैकी ३४ मेली. रात्रीच्या वेळी बोटीवर गस्त घालणारा कोणीही जागा नव्हता. कप्तानावर खटला चालला, २०२३ मध्ये तो दोषी ठरला आणि २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची कैद झाली. तेथे प्रश्न नशेचा नव्हता. पण एका माणसाच्या जागेपणावर किती जीव अवलंबून असतात ते यावरून कळते.

नियम कडक, विचारणे मऊ

आता सर्वांत महत्त्वाचे. त्या मुलाला बोटीवर प्रश्न विचारला होता, तरी अपघात झाला. कारण खरे सांगण्याची किंमत फार होती. सगळ्यांसमोर मान खाली गेली असती, पैसे गेले असते, पोलिसांची भीती होती. खोटे बोलण्याची किंमत मात्र त्या क्षणी काहीच नव्हती. नुसता नियम कडक केला तर लोक अधिक सफाईने खोटे बोलतील. नियम कडक हवाच, पण सांगणाऱ्याची वाट सोपी हवी.

म्हणून बोटमालकांना माझ्या सूचना अशा. विचारायचे ते धक्क्यावर, बोट सुटण्याआधी, एकेकट्याला बाजूला घेऊन. प्रश्न सर्वांना सारखाच: "गेल्या चोवीस तासांत दारू, गांजा, भांग, कुठलीही गोळी? झोप झाली का? सर्दी आहे का?" जो खरे सांगेल त्याचे पैसे बुडवू नका, दुसऱ्या दिवसाची वेळ द्या किंवा त्याऐवजी किल्ला दाखवा. कारण इतरांना सांगू नका, "आज कान बरा नाही" एवढे पुरे. आणि जो सांगणार नाही पण ज्याची जीभ अडखळते, डोळे लाल आहेत, तोल जातो, त्याला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

स्कूबा शिकवणाऱ्यांत एक चांगला दंडक आहे. कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणाने "मला आज उतरायचे नाही" म्हणू शकतो आणि त्याला कोणी कारण विचारायचे नाही. पाण्यावरचे खरे व्यक्तिस्वातंत्र्य मला या दंडकात दिसते. सोबत्यालाही तोच हक्क आहे. आपला जोडीदार शुद्धीत नाही असे वाटले, तर "मी याच्याबरोबर उतरणार नाही" असे म्हणायला त्याने संकोच करू नये. मैत्रीखातर गप्प बसण्यात मैत्री नाही.

मी स्वतःही बदल केला आहे. आता दाखला देताना नशेचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, मग तो कॉलेजातला मुलगा असो की निवृत्त मास्तर. उपचारासाठी सांगितलेली सवय गुप्त ठेवणे हे आमच्या व्यवसायाचे बंधन आहे. ज्यांना व्यसन सुटत नाही त्यांनीही न भिता डॉक्टरकडे यावे. मानसिक आजारावर किंवा फिट्सवर औषधे चालू असतील तर ती स्कूबासाठी गुपचूप बंद करू नयेत, आधी डॉक्टरला विचारावे.

लक्षात ठेवा

१. स्कूबाच्या आदल्या रात्री दारू टाळा. गांजा, भांग किंवा इतर नशा घेतली असेल तर तो बेत सरळ पुढे ढकला.

२. पाणी, सरबत भरपूर घ्या. हलका नाश्ता करा. झोप पूर्ण घ्या.

३. वर आल्यावर लगेच दारू पिऊ नका. बुडबुड्यांच्या आजाराची लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांत दिसतात. थकवा, चक्कर, मुंग्या, तोल जाणे ही लक्षणे दारूने झाली असे समजून रुग्णाला झोपवून ठेवतात आणि मोलाचा वेळ जातो.

४. स्कूबानंतर लगेच विमानात बसू नका. एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास जाऊ द्या. आंबोलीचा घाट सुमारे सातशे मीटर उंच आहे, तेव्हा खोल पाण्यात जाऊन आलेल्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढण्याची घाई करू नये.

५. वर आल्यावर छातीत दुखणे, धाप, थुंकीत रक्त, आवाज बदलणे, हातपाय लुळे पडणे, गोंधळणे यांपैकी काहीही झाले तर रुग्णाला सपाट निजवा, बोटीवर प्राणवायू असेल तर लावा आणि १०८ क्रमांकाला कळवा. "परत खाली नेलं की बरं होईल" म्हणून पुन्हा पाण्यात नेऊ नका.

६. काय घेतले होते ते डॉक्टरला खरे सांगा. नशेची आणि बुडबुड्यांची लक्षणे सारखी दिसतात. तुमच्या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरते.

पत्र लिहिणारे बोटमालक परवा दवाखान्यात येऊन गेले. मी वर लिहिलेली पद्धत त्यांनी सुरू केली आहे. सुरुवातीला दोन गिऱ्हाइके रागावून गेली, असे म्हणाले. मग हसून म्हणाले, "पण डॉक्टरांनू, गेल्या आयतवारी एक झील आपणच बाजूक येवन बोललो, काका, आज मी उतरनंय नाय." म्हणजे एक मुलगा आपणहून बाजूला येऊन सांगून गेला, की आज मी उतरत नाही. त्याला त्यांनी किल्ला दाखवला. त्याचे तिन्ही मित्र स्कूबा करून आले आणि चौघेही एकत्र जेवायला बसले.